गेम एंजिनांची मोफत उपलब्धता

गेम एंजिन : संगणक, भ्रमणध्वनी व कन्सोल यांवर खेळल्या जाणाऱ्या दृक्‌श्राव्य खेळांच्या निर्मितीसाठी लागणारी पायाभूत सॉफ्टवेअर प्रणाली म्हणजे गेम एंजिन होय. कथा, पात्रे, चित्रे, संगीत व नियम हे प्रत्येक खेळागणिक वेगळे असतात; परंतु त्रिमितीय दृश्य पडद्यावर सेकंदाला तीस ते साठ वेळा नव्याने रेखाटणे, दोन वस्तूंची टक्कर ओळखणे, पडणाऱ्या वस्तूस गुरुत्वाकर्षणाचे नियम लावणे, पात्रांच्या हालचाली जुळविणे, आवाज योग्य दिशेने ऐकविणे आणि खेळणाऱ्याच्या कृतीला तत्काळ प्रतिसाद देणे, ही कामे जवळजवळ प्रत्येक खेळात करावीच लागतात. या सर्वसामान्य कामांच्या आज्ञावल्या एकत्र बांधून आणि त्यांच्या जोडीला दृश्ये रचण्याची साधने देऊन एंजिन तयार होते. चांगले एंजिन घडविण्यास निष्णात अभियंत्यांची अनेक वर्षे खर्ची पडतात.

एंजिनाचे कार्य औद्योगिक वसाहतीच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. पुणे–सोलापूर रस्त्यावर दौंड तालुक्यातील कुरकुंभ येथे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत असून तेथे रसायने व औषधे यांचे कारखाने आहेत. तेथे येणाऱ्या कारखानदारास रस्ता, पाणीपुरवठा व वीजवाहिनी स्वतः उभारावी लागत नाही. भूखंड घेऊन त्याने आपल्या उत्पादनाकडे लक्ष द्यावयाचे असते. मात्र भूखंडाचे दर व वापराच्या अटी महामंडळ ठरविते. गेम एंजिनाच्या बाबतीतही सोय कोणत्या किमतीस मिळते आणि ती कोणाच्या अटींवर मिळते, असे दोन प्रश्न निर्माण होतात. पहिल्या प्रश्नाचे उत्तर २००९ ते २०२० या काळात जवळजवळ पूर्णपणे पालटले. दुसऱ्याचे महत्त्व २०२३ मध्ये सर्वांच्या लक्षात आले.

उगम : प्रारंभीच्या काळात प्रत्येक खेळाची आज्ञावली मुळापासून लिहिली जाई व खेळ बाजारात आल्यावर तिचा फारसा पुनर्वापर होत नसे. अमेरिकेतील आयडी सॉफ्टवेअर या संस्थेच्या ‘डूम’ (१९९३) या खेळाने ही पद्धत बदलली. त्याचे प्रमुख आज्ञावलीकार जॉन कारमॅक यांनी खेळ चालविणारा भाग आणि त्यातील चित्रे, नकाशे, ध्वनी इ. सामग्री एकमेकांपासून वेगळी ठेवली. सामग्री बदलली की त्याच यंत्रणेवर निराळा खेळ उभा राहू शकतो, हे त्यामुळे सिद्ध झाले. रेव्हन सॉफ्टवेअर या संस्थेने १९९४ मध्ये हेच एंजिन परवान्याने घेऊन ‘हेरेटिक’ हा खेळ प्रसिद्ध केला. ‘एंजिन’ ही संज्ञा या सुमारास रूढ झाली.

आयडी सॉफ्टवेअरने आणखी एक पायंडा पाडला. नवे एंजिन तयार झाल्यावर जुन्याची मूळ आज्ञावली ही संस्था सर्वांसाठी खुली करू लागली. ‘डूम’ची आज्ञावली डिसेंबर १९९७ मध्ये, तर ‘क्वेक’ (१९९६) या खेळाची आज्ञावली डिसेंबर १९९९ मध्ये खुली झाली. अनेक हौशी आज्ञावलीकार या आज्ञावल्या वाचून शिकले. परंतु जे खुले होत असे ते तंत्रदृष्ट्या मागे पडलेले असे. चालू पिढीचे व्यावसायिक एंजिन पैसे मोजल्यावाचून मिळत नसे.

परवान्यांचा काळ : टिम स्वीनी यांनी १९९१ मध्ये मेरिलंड राज्यात स्थापन केलेल्या व पुढे एपिक गेम्स या नावाने प्रसिद्धीस आलेल्या संस्थेने ‘अनरियल’ हा खेळ १९९८ मध्ये प्रसिद्ध केला. दृश्य पडद्यावर रचता रचताच त्याचा परिणाम पाहता यावा, अशी सोय त्याच्या एंजिनात होती. या सोयीमुळे अनेक संस्थांनी त्याचा परवाना घेतला. एपिकने या व्यवहाराला आपल्या उद्योगाचे प्रमुख अंग बनविले. तिसऱ्या पिढीच्या अनरियल एंजिनाने २००६ नंतर मोठ्या खेळांच्या बाजारपेठेत अग्रस्थान मिळविले. अशा एंजिनाच्या एका परवान्यासाठी काही लक्ष डॉलरपर्यंत रक्कम आगाऊ द्यावी लागे व कराराच्या अटी खाजगी वाटाघाटींनी ठरत.

या पद्धतीचा परिणाम केवळ आर्थिक नव्हता. परवान्याची रक्कम खेळ तयार होण्यापूर्वीच द्यावी लागत असल्याने ती बहुधा प्रकाशक पुरवीत. साहजिकच कोणता खेळ व्हावा आणि त्याचा नायक, कथा व वातावरण कोणते असावे, यांवर प्रकाशकाचा अधिकार चाले. अमेरिका, जपान व पश्चिम युरोप यांबाहेरील लहान गटांना उच्च दर्जाच्या त्रिमितीय खेळांची निर्मिती यामुळे जवळजवळ अशक्य होती. भारतासारख्या देशांत कौशल्य उपलब्ध असले, तरी ते प्रामुख्याने परदेशी खेळांची चित्रे काढणे, चाचणी घेणे किंवा तयार खेळ दुसऱ्या उपकरणावर बसविणे अशा कामांत वापरले जाई.

मोफत उपलब्धतेकडे वाटचाल : या स्थितीत बदल होण्यास दोन कारणे घडली. पहिले कारण विक्रीच्या पद्धतीतील बदलाचे होय. २००३ मध्ये सुरू झालेली ‘स्टीम’ ही संगणकीय विक्रीव्यवस्था आणि २००८ मध्ये सुरू झालेले ॲपलचे ‘ॲप स्टोअर’ यांमुळे तबकडी, वेष्टन व दुकान यांशिवाय खेळ विकणे शक्य झाले. लहान निर्मात्यांचा एक नवा वर्ग त्यातून उदयास आला. हे निर्माते आगाऊ रक्कम देऊ शकत नसले, तरी त्यांची संख्या फार मोठी होती.

दुसरे कारण स्पर्धेचे होय. डेव्हिड हेल्गासन, निकोलस फ्रान्सिस व योआखिम अँटे यांनी कोपनहेगन येथे विकसित केलेले ‘युनिटी’ हे एंजिन २००५ मध्ये प्रथम ॲपलच्या संगणकांसाठी उपलब्ध झाले. ते शिकण्यास सोपे आणि किमतीने स्वस्त होते. ऑक्टोबर २००९ मध्ये युनिटीने आपली प्राथमिक आवृत्ती मोफत केली. त्यापाठोपाठ नोव्हेंबर २००९ मध्ये एपिकने तिसऱ्या पिढीच्या एंजिनाची ‘अनरियल डेव्हलपमेंट किट’ ही आवृत्ती शिक्षण व अव्यापारी वापरासाठी मोफत दिली. तिच्या साहाय्याने खेळ विकावयाचा झाल्यास ९९ डॉलर शुल्क आणि ५,००० डॉलरवरील उत्पन्नाच्या २५ टक्के स्वामित्वशुल्क द्यावे लागे. ही मर्यादा पुढे ५०,००० डॉलरपर्यंत वाढविण्यात आली. परंतु एंजिनाची मूळ आज्ञावली या आवृत्तीत मिळत नसे. जर्मनीतील क्रायटेक या संस्थेनेही २०११ मध्ये आपले ‘क्रायएंजिन’ अव्यापारी वापरासाठी मोफत केले.

चौथ्या पिढीचे अनरियल एंजिन १९ मार्च २०१४ रोजी सर्वांसाठी उपलब्ध झाले. दरमहा १९ डॉलर वर्गणी आणि विक्री-उत्पन्नाच्या ५ टक्के स्वामित्वशुल्क, अशी त्याची अट होती. वर्गणीदारास संपूर्ण मूळ आज्ञावलीही वाचावयास व बदलावयास मिळे. पूर्वी वाटाघाटींअंती मोठ्या संस्थांनाच मिळणारी गोष्ट एखाद्या विद्यार्थ्याच्या आवाक्यात येण्याची ही पहिलीच वेळ होती.

मार्च २०१५ : सॅन फ्रान्सिस्को येथे दरवर्षी भरणाऱ्या खेळनिर्मात्यांच्या परिषदेच्या आरंभी, २ मार्च २०१५ रोजी, एपिकने ही वर्गणीही रद्द केली. एंजिन, त्याची मूळ आज्ञावली आणि पुढील सुधारणा कोणत्याही आगाऊ शुल्काविना मिळू लागल्या. एका खेळाचे एका तिमाहीतील उत्पन्न ३,००० डॉलरच्या वर गेल्यास वरील रकमेवर ५ टक्के स्वामित्वशुल्क, एवढीच आर्थिक अट उरली. दुसऱ्याच दिवशी युनिटीने आपल्या पाचव्या पिढीच्या एंजिनाची, वर्षाला एक लक्ष डॉलरपर्यंत उत्पन्न असणाऱ्यांसाठी सर्व प्रमुख सोयींनी युक्त अशी मोफत आवृत्ती जाहीर केली. अमेरिकेतील व्हॉल्व्ह या संस्थेनेही आपले ‘सोर्स २’ हे एंजिन निर्मात्यांना मोफत देण्याचा मानस त्याच परिषदेत प्रकट केला. मे २०२० मध्ये एपिकने आणखी एक पाऊल टाकून एका खेळाच्या पहिल्या १० लक्ष डॉलर उत्पन्नावरील स्वामित्वशुल्क माफ केले व ही सवलत १ जानेवारी २०२० पासून लागू केली.

या बदलांचे प्रमाण एका उदाहरणावरून ध्यानात येईल. एखाद्या खेळास पहिल्या तिमाहीत १०,००० डॉलर उत्पन्न झाले असे मानू. २००९ च्या अटींनुसार ५,००० डॉलरवरील रकमेच्या २५ टक्के म्हणजे १,२५० डॉलर आणि शिवाय ९९ डॉलर शुल्क द्यावे लागले असते. २०१५ च्या अटींनुसार ३,००० डॉलरवरील रकमेच्या ५ टक्के म्हणजे ३५० डॉलर, तर २०२० नंतर काहीच द्यावे लागले नसते.

तथापि यात एपिकचे औदार्य होते, असे समजण्याचे कारण नाही. पूर्वी परवान्याची किंमत निर्मितीच्या आधी वसूल केली जाई. आता ती यशानंतर आणि यशाच्या प्रमाणात वसूल होऊ लागली. अपयशी खेळांकडून काहीच मिळणार नाही, हा धोका एंजिनाच्या मालकाने पत्करला. त्याच्या मोबदल्यात लक्षावधी नवे वापरकर्ते आणि त्यांतून निघणाऱ्या थोड्या यशस्वी खेळांमधील वाटा त्याला मिळणार होता. विद्यार्थिदशेत ज्या साधनावर हात बसतो तेच पुढे व्यवसायात वापरले जाते, हाही हिशेब त्यामागे होता. शेतमालाच्या व्यवहारात रोख खंडाऐवजी पिकाचा वाटा घेण्याची पद्धत आहे, तिच्याशी या व्यवहाराचे साम्य आहे.

महाराष्ट्रातील परिणाम : महाराष्ट्रात या व्यवसायाचा पाया आधीच घातला गेला होता. विशाल गोंडल यांनी १९९९ मध्ये मुंबईत ‘इंडियागेम्स’ ही संस्था स्थापन केली. भ्रमणध्वनीवरील खेळांमुळे ती नावारूपास आली. २००८ मध्ये युबिसॉफ्ट या फ्रेंच संस्थेची शाखा पुण्यात सुरू झाली. अशा संस्थांमधून चित्रकार, आज्ञावलीकार व चाचणीकार यांची एक पिढी तयार झाली. तिच्याजवळ कौशल्य होते. स्वतःचा मोठा त्रिमितीय खेळ काढण्याची साधने मात्र नव्हती.

ही साधने मिळाल्यावर काय घडू शकते, याचे ठळक उदाहरण म्हणजे पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ हा खेळ होय. अविचल सिंग, श्रुती घोष व इयन मॉड यांनी ही संस्था स्थापन केली. चौथ्या पिढीच्या अनरियल एंजिनावर रचलेल्या या खेळाची नायिका राजी ही सर्कशीत कसरती करणारी मुलगी आहे. असुरांनी पळवून नेलेल्या गोलू या धाकट्या भावाच्या शोधार्थ ती निघते आणि दुर्गेने दिलेला त्रिशूळ घेऊन लढते. दुर्गा व विष्णू यांच्या संवादातून कथानिवेदन होते. राजस्थानी वास्तुरचना, पहाडी चित्रशैलीची छटा आणि छायाबाहुल्यांच्या खेळासारखे कथाप्रसंग यांमुळे त्याचे रूप परदेशी खेळांहून निराळे झाले आहे. प्रकाशकाच्या आगाऊ रकमेवर व म्हणून त्याच्या पसंतीवर अवलंबून असलेल्या जुन्या पद्धतीत अशा विषयाला वाव मिळणे दुरापास्त होते.

परंतु एंजिन मोफत मिळाले म्हणून खेळ मोफत तयार झाला नाही. चित्रे, हालचाली, संगीत व चाचण्या यांसाठी लागणारे मनुष्यबळ आणि काही वर्षांचा निर्वाह यांचा खर्च शिल्लकच होता. या गटाने २०१७ मध्ये किकस्टार्टर या माध्यमातून लोकवर्गणी उभारण्याचा प्रयत्न केला. त्या पद्धतीत ठरविलेले उद्दिष्ट पूर्ण झाले तरच रक्कम हाती येते. ते पूर्ण न झाल्याने हा मार्ग बंद झाला. पुढे एपिकने निर्मात्यांसाठी ठेवलेल्या अनुदानातून साहाय्य मिळाले व प्रकाशकही लाभला. १८ ऑगस्ट २०२० रोजी हा खेळ प्रथम निन्टेंडो स्विच या कन्सोलवर आणि त्याच वर्षी १५ ऑक्टोबर रोजी संगणक व इतर कन्सोलांवर प्रसिद्ध झाला. २०२० च्या ‘द गेम अवॉर्ड्स’ या आंतरराष्ट्रीय पुरस्कारांत स्वतंत्र निर्मात्यांच्या उत्कृष्ट पदार्पणाच्या विभागात त्याला नामांकन मिळाले. २०२२ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती निघाली व तीत हिंदी संवादांची सोय करण्यात आली. लहान गटाच्या मार्गातील पहिला अडसर मोफत एंजिनाने दूर केला, परंतु त्यापुढील अडसर कायम राहिले, हा या उदाहरणाचा अर्थ आहे.

मोफत आणि मुक्त : शुल्क न घेता मिळणारे साधन आणि वापरकर्त्याच्या हक्कांसह मिळणारे साधन यांत मूलभूत फरक आहे. अनरियलची मूळ आज्ञावली वाचता येत असली, तरी तिचा वापर व पुनर्वितरण परवान्याच्या अटींनी बांधलेले आहे. युनिटीची मोफत आवृत्तीही मालकाच्या अटींवरच मिळते. याउलट हुआन लिनिएत्स्की व आरिएल मान्सुर या अर्जेंटिनाच्या दोन आज्ञावलीकारांनी विकसित केलेले ‘गोदो’ हे एंजिन फेब्रुवारी २०१४ मध्ये एमआयटी परवान्याखाली खुले करण्यात आले. या परवान्यानुसार कोणीही ते वापरावे, बदलावे वा विकावे; मूळ परवान्याची सूचना कायम ठेवणे एवढेच बंधन असते आणि स्वामित्वशुल्क मुळीच नसते. गोदो व्यावसायिक एंजिनांइतके समर्थ नव्हते, म्हणून बरीच वर्षे ते हौशी निर्मात्यांपुरते मर्यादित राहिले.

या फरकाचे व्यावहारिक महत्त्व १२ सप्टेंबर २०२३ रोजी प्रत्ययास आले. त्या दिवशी युनिटीने खेळाच्या प्रत्येक नव्या प्रतिष्ठापनेवर शुल्क आकारण्याची योजना जाहीर केली व १ जानेवारी २०२४ पासून ती लागू होईल असे सांगितले. मोफत आवृत्ती वापरणाऱ्यांस वर्षाला दोन लक्ष डॉलर उत्पन्न आणि दोन लक्ष प्रतिष्ठापना या दोन्ही मर्यादा ओलांडल्यावर विकसित देशांतील प्रत्येक प्रतिष्ठापनेमागे २० सेंट द्यावे लागणार होते. मोफत वाटल्या जाणाऱ्या भ्रमणध्वनीवरील खेळांत खेळणारे पुष्कळ असतात, परंतु प्रत्येकामागील उत्पन्न अल्प असते. अशा खेळाच्या आणखी २० लक्ष प्रती विकसित देशांत उतरविल्या गेल्यास ४ लक्ष डॉलर देणे झाले असते. म्हणजे शुल्क उत्पन्नाहून अधिक होण्याचा संभव होता. शिवाय ही अट पूर्वी प्रसिद्ध झालेल्या खेळांनाही लागू व्हावयाची होती. वर्षानुवर्षे त्या एंजिनावर काम केलेल्या निर्मात्यांना ते सोडून दुसरीकडे जाणे म्हणजे खेळ बव्हंशी नव्याने लिहिणे होते.

निर्मात्यांनी जगभर तीव्र विरोध केला. २२ सप्टेंबर २०२३ रोजी युनिटीने मोफत आवृत्तीस या शुल्कातून वगळले; संस्थेचे प्रमुख जॉन रिचिटिएलो हे ऑक्टोबरमध्ये पायउतार झाले आणि १२ सप्टेंबर २०२४ रोजी खेळांसाठीचे हे शुल्क पूर्णपणे रद्द करण्यात आले. दरम्यान अनेक निर्माते गोदोकडे वळले. मोफत साधनाची किंमत शून्य असली, तरी त्यावरील अवलंबित्वाची किंमत शून्य नसते आणि ती नेमकी किती हे साधनाचा मालक अटी बदलतो तेव्हाच कळते, हे या प्रसंगातून स्पष्ट झाले.

मूल्यमापन : मोफत एंजिनांमुळे खेळनिर्मिती मोठ्या प्रमाणावर विकेंद्रित झाली, यात शंका नाही. त्यांचा उपयोग वास्तुरचनेचे पूर्वदर्शन, प्रशिक्षण, चित्रपटनिर्मिती अशा अन्य क्षेत्रांतही होऊ लागला. ‘द मँडलोरियन’ (२०१९) या अमेरिकन मालिकेत नटांच्या मागील दृश्ये अनरियल एंजिनाने चित्रीकरणाच्या वेळीच मोठ्या पडद्यांवर निर्माण केली होती. मात्र काही मर्यादाही नोंदविल्या पाहिजेत. खेळ तयार करणे सुलभ झाले तशी त्यांची संख्या वाढली. स्टीमवर जून २०१७ पासून १०० डॉलर भरून कोणासही खेळ मांडता येऊ लागल्यावर प्रेक्षकांचे लक्ष वेधणे हीच मुख्य अडचण बनली. प्रगत एंजिनांसाठी वेगवान चित्रण-संस्कारक असलेला महाग संगणक लागतो. त्यांची शिक्षणसामग्री बव्हंशी इंग्रजीत असून मराठीत ती तुटपुंजी आहे. तयार दृश्यसामग्री सहज मिळत असल्याने पुष्कळ खेळ एकसारखे दिसतात, अशीही टीका होते.

यावरून असे दिसते, की एंजिनाचा दर उतरल्याने निर्मितीचे द्वार पुणे जिल्ह्यातील एखाद्या लहान गावातील विद्यार्थ्यासही उघडे झाले. अमेरिकेतील नामांकित संस्था जे साधन वापरतात तेच त्याच्या संगणकावर उतरविता येते. त्याच्या मार्गात आता परवान्याच्या रकमेऐवजी भांडवल, भाषा व बाजारपेठ हे अडथळे उभे आहेत. ते दूर करणे एंजिनाच्या मालकांचे काम नसून शिक्षणसंस्था, शासन आणि समाज यांचे आहे. साधनाच्या अटी परक्या हाती असताना त्यावर संपूर्ण उद्योग उभारावा काय, की गोदोसारख्या मुक्त साधनांच्या विकासात स्वतः सहभागी व्हावे, हा निर्णयही त्यांनाच घ्यावा लागेल.